बी दाताखाली

ट्रॉली उलटते तेव्हा आधी वास येतो,
मग चोथा.
आंबूस, जांभळा, आतून गरम.
हात घातला तर बाळंतिणीच्या खोलीची ऊब.
वायनरीवाले म्हणतात, काम संपलं.
रस टाकीत गेला, टाकीतला बाटलीत जाईल,
बाटली जाईल जायची तिथं.
उरलंसुरलं येतं विंचूरच्या या शेडमध्ये
आणि आमचं सुरू होतं.

एक रात्र ढीग तसाच राहिला तर बुरशी.
माशा त्याच्याही आधी.
म्हणून ट्रॉली रात्री दोनला आली तरी दोनलाच पसरायचा,
हिरव्या जाळीवर, बोटभर थर,
दाताळ्यानं सऱ्या ओढायच्या
पेरायचं काही नसताना.

मालकांचं आडनाव खरंच चोथवे.
पहिल्या दिवशी आम्ही बाया पदर तोंडाला लावून हसलो.
तेही हसले. म्हणाले, नावातच होतं, उशिरा कळलं.
त्यांनी ड्रायर बसवलाय, तीन ट्रे, एक पंखा.
जळण कशाचं, ते पुढे सांगते.
पण मार्चचं ऊन फुकट,
आणि ड्रायर तापला जास्त की तेलाला करपट वास.
तेव्हा दिवसा ऊन, रात्री पंखा.

मधुरा निरगुडे येते ओझरहून, स्कूटीवर.
पेटीतून मीटर काढते, त्यात मूठभर बिया घालते,
आकडा यायची वाट बघते.
मी तोवर एक बी दाताखाली धरते.
ओली असली तर नुसती दबते, चिवट,
खोटं बोलताना सापडलेल्या माणसासारखी.
वाळली की
कट्.
तो आवाज कानात नाही, जबड्यात येतो.
अजून एक ऊन, मी म्हणते.
मीटर म्हणतं चौदा. दहाच्या आत हवं.
ती चौदा लिहिते.
माझ्या उन्हाला तिच्या वहीत रकाना नाही.

याआधी सोळा वर्षं मी खायच्या द्राक्षांत होते,
पिंपळगावच्या बाजूला.
जीएच्या डब्यात घड बुडवायचा, हलवायचा, सोडायचा.
पुढचा घड.
हात दिवसभर वर, मांडवाला लागलेले,
रात्री झोपेतसुद्धा खांदे खाली यायचे नाहीत.
पाहुण्याला घड देताना बागाईतदार ठरलेलं बोलायचे :
बी नाही हं एकपण.
जसं काही बी म्हणजे घरातलं
कुणापुढं न आणायचं माणूस.
मला वाटायचं, कुठं गेल्या असतील एवढ्या बिया?
पण मजुरीवर असताना
असलं विचारत नाहीत.

आता गोणीगोणीनं भेटतात.
चाळणीवर साल बाजूला, देठ बाजूला,
सुपात पाखडल्या की खड्यांसारख्या वाजतात.

घाण्यावर भिका भोये, आमच्या सुरगाण्याकडचा.
तो बोलत नाही, घाणा बोलतो.
शंभर किलोला सात, फार तर आठ.
पहिली धार गढूळ. बसू द्यायची.
दोन दिवसांनी वर येतं ते हिरवं,
पण पोपटी नाही, शेवाळीही नाही,
दगडी टाक्याच्या तळाशी दुपारी जो दिसतो ना, तो रंग.
म्हणे पुण्याला जातं,
तोंडाला लावायच्या एवढ्याशा बाटलीत.
पेंड गाय हुंगते आणि मान फिरवते, तुरट.
ती जाते ड्रायरखालच्या भट्टीत.
सांगायचं राहिलं होतं ते हे :
बीच बीला वाळवते.

काल मधुरानं वही उघडली,
आकड्यांच्या शेजारी पट्टीनं एक रेघ ओढली
आणि वर लिहिलं, दात.
मी म्हटलं, डावी दाढ हलायला लागलीय, पोरी.
मग उजवी वापरा, ती म्हणाली,
पेन तसंच धरून.
मी बी उजवीकडं सरकवली.
मागं घाणा थांबला होता, भिका इकडंच बघत होता.
लिही, म्हटलं.
अर्धं ऊन.